बेवडाचा हिशेब

माझ्या मामांच्या तोंडी 'बेवड' हा शब्द दिवसातून एकदा तरी येत असे, आणि सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी हाती आल्यावरही मला त्याचा नेमका प्रतिशब्द माझ्या पुस्तकांत कधी सापडला नाही. एखादे पीक शेतातून निघून गेल्यावर जमिनीत जे काही मागे ठेवते, मग तो गुण असो की दोष, त्याला बेवड म्हणतात. हरभऱ्याचा बेवड चांगला, ज्वारीचा वाईट, भुईमुगाच्या बेवडावर डोळे मिटून गहू पेरावा, अशी वाक्ये मी निफाड तालुक्यातल्या आजोळी लहानपणापासून ऐकली. पुढे नाशिकच्या एका महाविद्यालयात मी २८ वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. मामा ज्याला बेवड म्हणतात ते आमचे नत्र स्थिरीकरण, म्हणजे हवेतला नायट्रोजन पिकाला घेता येईल अशा रूपात आणणे, आणि ते म्हणजे जिवाणूंमधल्या नायट्रोजिनेज नावाच्या एका विकराचे (एन्झाइमचे) काम. एवढे सांगितले की विषय संपला, असे मला त्यातली बरीच वर्षे वाटत होते. तो तसा संपत नाही हे कळायला एक तोडलेली द्राक्षबाग आणि स्कूटरच्या डिकीत राहिलेली तीन पाकिटे कारणी लागली.

त्या वर्षी मामांनी जुनी बाग तोडली. मांडव उतरवला, तारा गुंडाळून ठेवल्या, खोडे जळणाला गेली, आणि मोकळ्या झालेल्या एकरभर रानात खरिपाला सोयाबीन करायचे ठरले. त्या मातीत सोयाबीन पूर्वी कधी झालेलेच नव्हते, त्यामुळे सोयाबीनच्या मुळांवर गाठी आणणारे जिवाणू तिथे आधीपासून असण्याची शक्यता कमी होती. मी मोठ्या उत्साहाने म्हटले, की बियाण्याला लावायचे जिवाणू खत मी नाशिकहून घेऊन येते. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक, या हिशेबाने तीन पाकिटे घेतली, डिकीत टाकली आणि मग दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन बसले. जूनचा पहिला आठवडा होता, पावसाचा पत्ता नव्हता, आणि गाडी दुपारभर उन्हात उभी होती. संध्याकाळी डिकी उघडली तेव्हा आतली हवा तव्यावरून आल्यासारखी तोंडावर आली. पाकिटावर छापलेली 'थंड व सावलीच्या जागी ठेवावे' ही सूचना मी वर्गात अनेकदा फळ्यावर लिहिलेली होती. या प्रकाराबद्दल मी कोणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी गुळाचे पाणी उकळून थंड केले, त्यात ती काळसर भुकटी कालवली, सोयाबीनची साल नाजूक असते म्हणून हलक्या हाताने बियाण्याला चोळली, आणि बारदानावर सावलीत पसरून ठेवली.

दीड महिन्याने मी मुळे पाहायला गेले. खुरप्याने मातीच्या ढेकळासकट चार झाडे काढली आणि बादलीत बुडवून हलकेच धुतली. सोटमुळाच्या वरच्या भागात जिथे गाठींचा घोस असायला हवा होता, तिथे मोहरीएवढ्या चार-पाच गाठी इकडे तिकडे चिकटलेल्या होत्या, आणि ब्लेडने कापल्यावर त्या आतून पांढरट निघाल्या. पांढरी गाठ म्हणजे काम न करणारी गाठ. वर पाहावे तर पीक काळेभोर हिरवे, मांडीला लागेल एवढे वाढलेले. माझी पाकिटे डिकीतच मेली होती, याबद्दल मला शंका उरली नाही, आणि मी मामांना तसे सांगूनही टाकले. त्यांनी मुळे हातात घेऊन उलटीपालटी केली, पिकाकडे पाहिले आणि म्हणाले, "भरल्या घरात उसनं मागायला कोण जातं?"

मी ते समजूत घालणे समजले. घरी परतताना मात्र 'उसनं' हा शब्द डोक्यातून जाईना.

द्वारका चौकाच्या अलीकडे टायरवाल्याकडे थांबावे लागले. मुलाने विचारले, "मॅडम, साधी भरू की नायट्रोजन?" आपल्याभोवतीच्या साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण उरलेला प्राणवायू आणि ओल काढून टाकलेल्या हवेचे हे लोक वेगळे पैसे घेतात, आणि टायरच्या तोंडावर हिरवे टोपण बसवून देतात. चिवड्याच्या फुगीर पिशवीत हाच वायू असतो. वाइनच्या अर्धवट भरलेल्या टाक्यांतही प्राणवायू शिरू नये म्हणून वर नायट्रोजनचे पांघरूण घालतात. या सगळ्या ठिकाणी आपण पैसे मोजतो ते नायट्रोजन काहीही करत नाही म्हणून. त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने धरून असतात, आणि तो बंध तोडायला एका मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. एवढी घट्ट मिठी निसर्गात फार थोड्या रेणूंच्या वाट्याला येते. पिकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पानांभोवती नत्राचा समुद्र असतो आणि झाड त्यातला एक थेंबही पिऊ शकत नाही.

माणसाने हा बंध सोडवण्याची युक्ती शोधली ती विसाव्या शतकात. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये ती प्रयोगशाळेत करून दाखवली, कार्ल बॉश यांनी तिचा कारखाना केला, आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊ येथे अमोनिया मोठ्या प्रमाणावर निघू लागला. लोखंडाचा उत्प्रेरक, चारशे ते पाचशे अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीड-दोनशे पट किंवा त्याहून अधिक दाब, असा तो सरंजाम असतो. आपल्याकडे अलिबागजवळ थळला नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि त्यापासून युरिया होतो, तो याच वाटेने. गमतीचा भाग असा, की नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा अमोनिया होण्याचा व्यवहार कागदावर तोट्याचा नाहीच, त्यातून उलट उष्णता बाहेर पडते. अडचण असते ती फक्त तो सुरू करण्याची, म्हणजे उंबरठा ओलांडण्याची. कारखाना तो उंबरठा तापमानाच्या आणि दाबाच्या जोरावर ओलांडतो. हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीत तेच काम जानेवारीतल्या निफाडच्या थंडीत, ओल्या मातीत, कसलाही धूर न होता चालते.

ते काम करणारे विकर मी पहिल्यांदा 'पाहिले' ते विद्यार्थिदशेत, आणि पाहिले म्हणजे त्याची एक चूक पाहिली. एका लहान काचेच्या बाटलीत ताज्या गाठी घालायच्या, रबरी बूच बसवायचे, आणि सुईने आतली थोडी हवा काढून तिच्या जागी ॲसिटिलीन भरायचे. ॲसिटिलीन आम्ही तिथेच करत असू; चंबूत कार्बाइडचे खडे टाकून त्यावर थेंब थेंब पाणी सोडले की लसणासारखा वास सुटे. ॲसिटिलीनच्या दोन कार्बन अणूंमध्येही तिहेरी बंध असतो, आणि नायट्रोजिनेज त्याला नायट्रोजन समजून हाताळते. अमोनियाऐवजी बाटलीत एथिलीन तयार होते. अर्ध्या तासाने सुईने थोडा वायू काढून क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, सोडला की कागदावर पेनाने एक टेकडी काढलेली दिसे, आणि तिच्या उंचीवरून त्या गाठी किती जोमाने काम करत आहेत हे कळे. विकराच्या या गफलतीवर आधारलेली परीक्षा १९६६ च्या सुमारास रूढ झाली. तोवर नायट्रोजिनेजचे काम मोजणे हे मोठे किचकट आणि खर्चिक प्रकरण होते.

मला त्या वेळी आंब्याच्या पेट्या आठवत. पेटीत कागदाच्या पुडीत कार्बाइड ठेवून आंबे पिवळे करण्याची रीत तेव्हा सर्रास होती. आता अन्नसुरक्षेच्या नियमांनी तिच्यावर बंदी आहे. पुडीतून निघणारे ॲसिटिलीन फळाला एथिलीनची नक्कल करून फसवते, कारण फळ पिकवणारे खरे संप्रेरक एथिलीन हे आहे. म्हणजे पेटीतल्या नकली मालाचा गाठीतले विकर अस्सल माल करून देते, तेही स्वतः फसून.

या विकराची घडण दोन प्रथिनांची आहे. एक लहान, त्यात लोखंड आणि गंधक यांचा एकच पुंजका असतो, त्याला लोह-प्रथिन म्हणतात. दुसरे मोठे, त्यात लोखंडाबरोबर मॉलिब्डेनमही असते, आणि प्रत्यक्ष नायट्रोजन तिथेच पकडला जातो. लहान प्रथिनाचे काम हमालाचे आहे. ते एक इलेक्ट्रॉन उचलते, मोठ्या प्रथिनाला जाऊन बिलगते, एटीपीचे दोन रेणू खर्चून तो इलेक्ट्रॉन आत सोडते, सुटे होते आणि दुसरा आणायला परत फिरते. नायट्रोजनच्या एका रेणूसाठी अशा आठ खेपा होतात आणि सोळा एटीपी खर्ची पडतात. एटीपी हे पेशीचे रोख चलन आहे. झाडाने उन्हात केलेली साखर जाळून ते मिळवावे लागते. अमोनियाचे दोन रेणू करायला खरे तर सहाच इलेक्ट्रॉन पुरेसे आहेत. उरलेल्या दोघांचा हायड्रोजन वायू होऊन उडून जातो. मोठ्या प्रथिनात चार इलेक्ट्रॉन साठले की त्यातले दोन हायड्रोजनच्या रूपाने बाहेर पडतात, आणि त्यांनी रिकाम्या केलेल्या जागी नायट्रोजन येऊन बसतो. लासलगावला कांदा विकला तेव्हा पट्टीतून जशी हमाली-तोलाई कापली जाते, तसा दर व्यवहारात हायड्रोजनचा एक रेणू कापला जातो, आणि तो टाळता येत नाही. काही रायझोबियमांकडे, म्हणजे गाठीत राहणाऱ्या जिवाणूंकडे, हा हायड्रोजन परत पकडून त्यातून थोडी ऊर्जा वसूल करणारे दुसरे विकर असते. सगळ्यांकडे नसते.

एवढे करून हा कारागीर सावकाश आहे. आपल्या रक्तातले कार्बनिक ॲनहायड्रेज हे विकर सेकंदाला दहा लाखांच्या घरात रेणू हातावेगळे करते, तर नायट्रोजिनेजला नायट्रोजनचा एक रेणू उरकायला सेकंदभर किंवा थोडा अधिक वेळ लागतो. म्हणून जिवाणूंना ते थोडेथोडके करून भागत नाही, ढिगाने करावे लागते, आणि त्यासाठी लोखंड लागते. दोन बाजूंना दोन लहान प्रथिने जोडलेल्या पूर्ण विकरात लोखंडाचे ३८ अणू असतात आणि मॉलिब्डेनमचे फक्त २. आमच्या भागातल्या चुनखडीच्या काळ्या रानात या दोघांची तऱ्हा उलटी आहे. तिथे लोखंड भरपूर असूनही मुळांना सहज मिळत नाही, आणि मॉलिब्डेनम नावालाच असूनही मिळून जाते. आम्लधर्मी जमिनीत याच्या नेमके उलट घडते.

मोठ्या प्रथिनाच्या गाभ्यात लोखंडाचे सात अणू, गंधकाचे नऊ आणि मॉलिब्डेनमचा एक अशी जी रचना आहे, तिचे चित्र १९९२ मध्ये अमेरिकेत किम आणि रीस यांनी स्फटिकावरून उलगडले, तेव्हा तिच्या मधोमध पोकळी आहे असे वाटले होते. २००२ मध्ये अधिक स्पष्ट चित्र मिळाले आणि त्या पोकळीत एक लहानसा अणू बसलेला दिसला. तो नायट्रोजन असेल, प्राणवायू असेल की कार्बन, यावर नऊ वर्षे वाद चालला. मी वर्गात तिन्ही शक्यता सांगत असे आणि परीक्षेत त्यावर प्रश्न घालत नसे. २०११ मध्ये तो कार्बन ठरला. सहा लोहकणांच्या मध्ये एकटा कार्बन, अशी मांडणी तोवर दुसऱ्या कोणत्याही विकरात कोणी पाहिलेली नव्हती, आणि मला आठवते, ते वाचले त्या दिवशी मी वर्गात जुनी टिपणे बाजूला ठेवून नुसते त्याच्याबद्दलच बोलत राहिले होते.

आता या विकराच्या सोवळ्याकडे येते. सोवळे हा शब्द मला आवडत नाही; आजीच्या घरात त्याने कोणाकोणाला दाराबाहेर उभे केले हे मी पाहिलेले आहे. तरी इथे दुसरा शब्द सुचत नाही. प्राणवायूचा स्पर्श झाला की नायट्रोजिनेज बाटते, आणि पुन्हा शुद्ध होत नाही. उघड्या हवेत लहान प्रथिन मिनिटभराच्या आत निम्मे निकामी होते, मोठे काही मिनिटे तग धरते. याचे कारण त्याच्या वयात आहे. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि हे विकर त्याआधीच्या जगातले आहे. पुढे सगळे जग प्राणवायूने भरले. याने मात्र आपली रीत बदलली नाही, ज्याला त्याची गरज होती त्यानेच त्याच्याभोवती आडोसा उभारला. मातीतला क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू प्राणवायू नसलेल्या कोपऱ्यातच राहतो. ॲझोटोबॅक्टर इतक्या वेगाने श्वसन करतो की प्राणवायू आत पोचण्याआधीच जळून जातो. भाताच्या खाचरातले ॲनाबीना साखळीतल्या ठरावीक पेशींना जाड भिंती बांधून देते आणि त्या पेशींपुरता प्रकाशसंश्लेषणातला प्राणवायू काढण्याचा उद्योग बंद ठेवते.

यांत सगळ्यात चांगले घर बांधले ते शेंगवर्गीय झाडांनी, असे माझे मत आहे. मूळ मातीत काही खास द्रव्ये सोडते, योग्य जातीचा रायझोबियम त्यांना आपल्या खुणेच्या रेणूंनी उत्तर देतो, केसासारखे मूळ वाकून त्याला कवेत घेते, आणि एका बारीक नळीतून जिवाणू आत उतरत जाऊन पेशींमध्ये वस्तीला राहतात. अडचण पुढे येते. सोळा-सोळा एटीपी खर्चायचे तर जिवाणूंना श्वसन करायला प्राणवायू हवा, आणि विकर जगवायचे तर प्राणवायू नको. झाडाने या पेचावर काढलेला तोडगा म्हणजे लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे मुळातले भावंड. १९३९ मध्ये कुबो या जपानी संशोधकाने गाठींतला तांबडा रंग या जातीच्या प्रथिनाचा आहे हे ओळखले. ते प्राणवायूला घट्ट धरून जिवाणूंच्या दारापर्यंत नेते आणि मोजून हवाली करते. श्वसनाला पुरवठा चालू राहतो, पण मोकळा प्राणवायू साध्या पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूच्या हजारो पट कमी असतो. गाठ आतून गुलाबी दिसते ती यामुळे, आणि पांढरी गाठ म्हणजे काम न करणारी, असे आपण म्हणतो तेही यामुळेच.

झाडाच्या बाजूने पाहिले तर हे घर फार महागात पडते. भिंती त्याच्या, लेगहिमोग्लोबिन त्याचे, रोजची साखर त्याची. जिवाणू विकर चालवतात आणि अमोनिया देतात. हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८० च्या दशकात जर्मनीत धुतलेल्या, भाजलेल्या वाळूत वाटाणा लावून जे दाखवले, त्यातही हे लपलेले होते. नत्र नसलेल्या वाळूत वाटाणा खुरटायचा, आणि शेतातल्या मातीचे थोडे पाणी घातले की मुळांवर गाठी येऊन तरारून उठायचा. ओटला मात्र त्या पाण्याचा काही उपयोग होत नसे. आम्ही या प्रयोगातला मातीच्या पाण्याचा भाग शिकवतो, कारण त्यातून जिवाणू सिद्ध झाले, आणि १८८८ मध्ये बायरिंक यांनी ते वेगळे काढून वाढवले. वाळूत नत्र मुळीच नव्हते, ही अट मात्र आम्ही प्रयोगाची स्वच्छता म्हणून सांगून सोडून देतो. वाळूत नायट्रेट असते तर वाटाण्याने गाठी बांधायचा खटाटोप फारसा केलाच नसता. मुळांना तयार नायट्रेट मिळू लागले की शेंगवर्गीय झाड गाठी कमी करते, आणि असलेल्या गाठींचे कामही मंदावते. हे मला ठाऊक होते. ठाऊक असून मामांच्या रानात मला ते दिसले नाही.

द्राक्षबागेच्या निमित्ताने त्या एकराला वर्षानुवर्षे शेणखत, पेंड आणि ठिबकमधून खते मिळत आली होती. खरड छाटणीला एक मात्रा, गोडी छाटणीला दुसरी, मध्ये फवारण्या. एवढे पोसलेल्या मातीत उतरलेल्या सोयाबीनने हवेकडे हात पसरावा तरी कशाला? पीक काळेभोर का होते आणि गाठी रिकाम्या का होत्या, या दोन्हींचे उत्तर मामांच्या एका वाक्यात होते. पुढे ते पीक माजले, पाला उदंड झाला आणि शेंगा त्या मानाने कमी लागल्या. डिकीतल्या उन्हाने जिवाणू मेले नव्हते असे मी म्हणणार नाही. मला फक्त संशयाचा फायदा मिळाला.

त्यानंतर त्या रानातून गव्हाचे एक पीक निघाले, शेणखत घातले नाही, आणि पुढच्या खरिपात पुन्हा सोयाबीन झाले, या वेळी ताजी पाकिटे लावून. ऑगस्टमध्ये काढलेल्या मुळांवर ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढ्या गाठींचा घोस होता. स्वयंपाकघरात स्टीलच्या ताटलीत मी त्यातली एक ब्लेडने दुभंगली आणि मामींना दाखवली. काप ओलसर होता, कडेला फिकट साल आणि आत अर्धवट भरलेल्या डाळिंबाच्या दाण्याचा रंग. मामींनी बोटाच्या टोकाने तो टिपून पाहिला, बोट पदराला पुसले आणि म्हणाल्या, "हे आम्ही इतकी वर्षं निंदताना खुरप्यानं तोडत आलोय की." बोलता बोलता ताटलीतला काप तपकिरी पडू लागला.

मामांचा प्रश्न वेगळा होता. त्यांना हवेतून नेमके किती आले ते हवे होते. मी कागद घेऊन बसले. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिने असतात, आणि प्रथिनाचा साधारण १६ टक्के भाग नत्राचा. एकरी आठ क्विंटल माल धरला तर दाण्यांतूनच सुमारे ५१ किलो नत्र होते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र. म्हणजे अडीच गोणींचे नत्र. मामा खूश झाले, आणि लगेच त्यांच्या लक्षात आले की ही अडीच गोणी आपण बाजार समितीत घालून आलो आहोत. "मग बेवड कशाचा राहिला?" त्यांनी विचारले.

हा प्रश्न मला २८ वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. नायट्रोजिनेजने पकडलेले बहुतेक नत्र झाड दाण्यात भरते, आणि दाणा आपण विकतो. मातीला उरतो तो गळालेला पाला, मुळे आणि कुजणाऱ्या गाठी. दाण्यात गेलेल्या नत्रातले निम्मे हवेतून आणि निम्मे मातीतून आलेले असेल, तर जमीन आधीपेक्षा रितीच होते. हवेचा वाटा मोठा असेल तेव्हाच काही शिल्लक पडते. ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिके फुलावर येण्याच्या सुमारास जमिनीत गाडतात तेव्हा मात्र सगळे नत्र रानातच राहते. कडधान्ये 'फुकट नत्र' देतात, असे जे सर्रास लिहिले जाते, ते मला म्हणून पटत नाही. एटीपीच्या पातळीवर ते फुकट नाही, आणि शेताच्या पातळीवरही नाही. मामांचा बेवड नत्राच्या किलोंपेक्षा अधिक काहीतरी मोजतो. मुळांनी मोकळी केलेली माती, तुटलेले रोगांचे चक्र, हलकी मशागत हे सगळे त्यात येते, आणि माझे एकटे विकर त्याचा अर्थ म्हणून पुरे पडत नाही.

गव्हालाच हे विकर देऊन टाकावे, असे स्वप्न शास्त्रज्ञ बऱ्याच वर्षांपासून पाहत आहेत. एका विकरासाठी जनुकांचा सबंध संच लागतो, तो लोखंड-मॉलिब्डेनमचा गाभा घडवणारे वेगळे कारागीर लागतात, आणि वर प्राणवायूपासून आडोसा. सगळे ज्ञात नत्र स्थिरीकारक आजवर जिवाणू आणि त्यांच्यासारखेच सूक्ष्म एकपेशीय आर्किया याच कुळांतले होते. २०२४ मध्ये समुद्रातल्या ब्रारुडोस्फेरा बिगेलोवी या शैवालाच्या पेशीत एक जिवाणू इतका मुरलेला आढळला, की त्याला आता पाहुणा न म्हणता पेशीचेच अंगक, म्हणजे तिचा अंगभूत भाग, मानावे, असे संशोधकांनी मांडले आणि त्याला नायट्रोप्लास्ट हे नाव दिले. मी ही बातमी मामांना सांगितली. त्यांनी शैवालाला दाणे येतात का, एवढेच विचारले.

सोंगणीच्या दिवशी त्यांनी माणसांना बजावले, की झाडे उपटायची नाहीत, जमिनीलगत विळ्याने कापायची. पुढे तिथे उन्हाळ कांदा लावला तेव्हा युरियाची एक गोणी कमी आणली. दोन कमी करा, असे मी म्हटले होते, ते त्यांनी ऐकले नाही. पाकिटे आणण्याचे काम दरवर्षी माझ्याकडेच आहे. मी ती ओल्या फडक्यात गुंडाळून सुती पिशवीत घालते, स्कूटरऐवजी सकाळच्या एसटीने जाते आणि सावलीच्या बाजूची खिडकी धरते. दारात पाय ठेवला की मामा पिशवी हातात घेतात, तळहाताने तिचा थंडपणा पाहतात, आणि विचारतात, "यंदा किती पोचले?"